एका घराचं एक मत

आमच्या मंडळात कामांची वाटणी मी करते. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्न, बाड हॉम्बुर्ग आणि आसपासच्या गावांतली मराठी घरं मिळून हे मंडळ झालंय. इथल्या कायद्याप्रमाणे ते नोंदलेलं आहे, म्हणजे फेराइन. फेराइन म्हटलं की घटना आली, कार्यकारिणी आली, इतिवृत्त आलं. इतिवृत्त लिहायला कुणी पुढे येत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि राहिलं. गणपतीला कोण भांडी आणणार, कोण कांदे चिरणार, कुणाच्या गाडीत फुलं बसतील, हे सगळं जून संपायच्या आत ठरलेलं असतं. ठरवलं नाही तर शेवटी मलाच कांदे चिरावे लागतात.

गणपती बसतो चर्चच्या हॉलमध्ये. भाडं परवडतं, स्वयंपाकघर मोठं आहे आणि पार्किंग आहे. हॉलच्या दारावर चर्चने इंद्रधनुष्याचा झेंडा लावलाय. आमच्या चपलांचा ढीग बरोबर त्याच्या खाली पडतो.

दोन कामांची मला कधीच काळजी नसायची. एक मखर, दुसरं साउंड. मखर करायचा सांगलीचा एक मेकॅनिकल इंजिनिअर. त्याचं मखर सगळं घडीचं असतं, एका स्टेशन वॅगनमध्ये मावतं आणि उभं राहिलं की देवळासारखं दिसतं. तो मला ताई म्हणतो. त्याचा नवरा जर्मन आहे, शाळेत शिक्षक. दोघांचं लग्न इथल्या नोंदणी कार्यालयात झालं. त्या संध्याकाळी मंडळातली निम्मी माणसं जेवायला होती. पुरणपोळी आणि बटाट्याचं जर्मन सॅलड एकाच ताटात खाल्लं आणि फोटो काढले.

साउंड पाहायचे रत्नागिरीचे दादा. मंडळ सुरू करणाऱ्या चार-पाच घरांत त्यांचं घर होतं. ते आणि वहिनी मुसलमान. दादांच्या गावात गणपतीच्या आरतीला झांजा त्यांच्या घरून जायच्या, असं ते सांगायचे. आमच्याकडे माइक, स्पीकर, वायरी त्यांच्या तळघरातून यायच्या. दादा आरतीला मागे मिक्सरपाशी उभे राहायचे आणि कुणी बेसूर लागलं की हळूच त्याचा आवाज कमी करायचे.

आमच्या नियमाप्रमाणे दरवर्षी एक घर यजमान होतं. पाळी सभासदत्वाच्या क्रमाने लागते, म्हणजे भांडण नको. यंदा पाळी सांगलीकराची लागली. मी त्याला फोन करून कळवलं. त्याने आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, आई येतेय यंदा. तिने विचारलं होतं, तुम्ही दोघं कधी पूजेला बसलात का म्हणून."

हे ऐकून मला नवल वाटलं. कारण त्याची आई मला माहीत होती. काही वर्षांपूर्वी काकू पहिल्यांदा आल्या, तेव्हा विमानतळावरून मुलाच्या घरी जायलाच तयार नव्हत्या. "त्या घरात मी पाणी पिणार नाही," असं त्या पार्किंगमध्ये उभ्या राहून म्हणाल्या. तेव्हा वहिनी त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. काकूंसाठी वेगळी भांडी काढली, देवासाठी खिडकीत जागा केली. आणि रोज संध्याकाळी फिरायला म्हणून त्यांना मुलाच्या गल्लीतून न्यायला लागल्या. आधी गल्ली, मग दार, मग एक दिवस चहा. काकू परत गेल्या त्या मुलाच्या घरातूनच. आता त्याच काकूंना दोघांनी शेजारी बसून संकल्प सोडलेला पाहायचा होता.

मी यजमानांचं नाव ग्रुपवर टाकलं. दरवर्षी टाकते तसंच. दरवर्षी खाली अभिनंदन आणि हात जोडलेली चित्रं येतात. या वेळी दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मग अध्यक्षांचा मेसेज आला: विषय नाजूक असल्याने सर्वसाधारण सभेत घ्यावा.

आमचे अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. पुण्याचे आहेत, इथे एका आयटी कंपनीत सल्लागार आहेत, कुणाची बाग शिंपायची असो की विमानतळावर सोडायचं असो, हजर. सभेत ते म्हणाले, "माझा वैयक्तिक काहीच विरोध नाही. पण पूजा सपत्नीक असते. धर्माने ठरवलंय, मी नाही."

"गुरुजींना विचारलंय मी," मी म्हटलं. गुरुजी म्हणजे वाल्डॉर्फहून येणारे एक सॉफ्टवेअरवाले. शनिवार-रविवार पूजा सांगतात. "ते म्हणाले, मला अडचण नाही, दोघांनी पळीने पाणी सोडा."

"ते गुरुजी पार्टटाइम आहेत," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"आमच्या मुलांना काय सांगायचं?" एका बाईंनी विचारलं.

त्यांची मुलगी शेजारीच बसली होती, फोनमध्ये डोकं घालून. तिने डोकं वर न करता जर्मनमध्ये सांगितलं, "आई, आम्हाला माहितीये. माझ्या वर्गशिक्षकांचंच तर लग्न झालंय त्याच्याशी." पुन्हा हसू आलं, पण थोडं.

सांगलीकर पुढच्या रांगेत बसला होता. नवरा आला नव्हता. सभासद तोच होता. तो उठून म्हणाला, "मी काही नवीन मागत नाही. माझी पाळी आहे, एवढंच." आणि खाली बसला.

घटनेत लिहिलंय की एका घराचं एक मत आणि कुणी मागणी केली तर गुप्त मतदान. कुणीतरी मागणी केली. मी कागदाचे तुकडे केले, शिक्का मारला आणि घराघराला एक असे वाटत निघाले. दादा आणि वहिनी हॉलमध्ये दिसेनात, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चहाचं पातेलं ढवळत होत्या, दादा कप मांडत होते.

मी कागद पुढे केला. दादांनी हात पुसले, पण कागद घेतला नाही.

"नको ताई. पूजेचं तुमचं तुम्ही ठरवा."

"तुम्ही सभासद आहात. जुने आहात."

"म्हणूनच नको. हो म्हटलं तर म्हणाल, यांना काय, यांचा देव नाही. नाही म्हटलं तर म्हणाल, हे असलेच."

वहिनी पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "मला द्या. मी हो लिहिते."

"घराचं एकच मत आहे," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मला विचाराल तर हे मला पटत नाही. माझ्या धर्मात बसत नाही ते. पोरगा लाख चांगला आहे, त्याच्यासाठी रात्री-अपरात्री धावेन. पण पटत नाही. हिला पटतं. मग एक कागद दोघांनी कसा भरायचा? त्यापेक्षा चहा करतो."

मी कोरा कागद तिथेच दोन तुकडे करून कचऱ्यात टाकला आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. दादा-वहिनी निकाल लागेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आले नाहीत.

मोजणी मी केली, अध्यक्ष शेजारी उभे होते. 'नको' म्हणणारे जास्त होते. काठावर नाही, चांगलेच जास्त. दोन ढीग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर लांबूनही दिसत होतं. सांगलीकर ढिगांकडे बघत राहिला. मग त्याने मागे वळून हॉलमधले चेहरे पाहिले, एकेक. सगळे इतके प्रेमाने बघत होते त्याच्याकडे. एक मावशी उठून आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाईट वाटलं रे मला. मी तर हो लिहिलं होतं." मग आणखी एकजण आले. मग आणखी. त्या संध्याकाळी त्याला जितक्यांनी 'मी हो लिहिलं' असं सांगितलं, तितके होकार त्या ढिगात नव्हते.

आता प्रश्न उरला, नको कोण म्हणालं? सगळेच हो म्हणाले असतील तर ते कागद आले कुठून?

उत्तर पार्किंगमध्येच तयार झालं. कुणी पहिल्यांदा म्हटलं ते मला माहीत नाही. मी गाडीत पातेली ठेवत होते तेव्हा कानावर आलं, "त्या लोकांचं तर तुम्हाला माहीतच आहे. इथे जर्मन लोकांना पण तोच त्रास आहे ना."

त्या दिवसांत निवडणूक जवळ आली होती. रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर पोस्टर होतं, आणि त्यातली काही पोस्टरं एवढंच सांगत होती की देशात जे काही बिघडलंय ते बाहेरच्यांनी बिघडवलंय. आमच्या लोकांना ती पोस्टरं आपल्याबद्दल वाटत नाहीत. आम्ही टॅक्स भरतो, आम्ही गणित शिकलेलो, ते दुसरे. गेल्याच हिवाळ्यात एस-बानच्या लोकल गाडीत एका माणसाने माझ्या नवऱ्याला 'आपल्या मशिदीत परत जा' असं ओरडून सांगितलं होतं. नवरा त्याला एश्बॉर्न येईपर्यंत समजावत होता की तो हिंदू आहे. घरी येऊन मला म्हणाला, "इतकं नीट सांगितलं, तरी त्याला फरक कळेना." त्याला अजून वाटतं, कमी पडलं ते त्याचं जर्मन.

मी पातेली ठेवून त्या घोळक्यात गेले. "दादांनी मत दिलेलं नाही," मी म्हटलं. "मी स्वतः कागद घेऊन गेले होते. त्यांनी घेतला नाही."

"असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाही. मी फाडून टाकला."

"बरं, नसेल दिलं."

"आणि दिलं असतं तरी एक घर. एक मत. फरक केवढा होता पाहिलात ना?"

अध्यक्षांनी गाडीची किल्ली खिशातून काढली. "ताई, मताचा प्रश्न नाही. वातावरणाचा आहे. अशी घरं असली की वातावरण तसं बनतं. बाकीचे दबून राहतात."

वायरी गुंडाळून दोन खोकी हातात घेऊन दादा त्याच वेळी मागून आले. त्यांनी किती ऐकलं ते कळलं नाही. "गाडी जरा पुढे घेता का?" एवढंच ते म्हणाले. अध्यक्षांनी "हो हो, दादा, लगेच" म्हणत गाडी पुढे घेतली.

आठवडाभराने दादांचा फोन आला. सामान नेऊन घ्या म्हणाले, तळघरात जागा करायचीय. मी गेले. स्पीकर दाराशी काढून ठेवलेले होते, पुसून. प्रत्येक वायरीला कशाची आहे त्याची चिठ्ठी. मी म्हटलं, "दादा, मी सगळ्यांना पुन्हा सांगेन. लेखी सांगेन, इतिवृत्तात."

"काय लिहाल? की हे मुसलमान असूनही यांनी काही केलं नाही?"

वहिनी आतून म्हणाल्या, "तुम्हाला म्हटलं होतं, मला लिहू द्या. निदान ज्यासाठी शिव्या खातोय त्याच्या उलट काहीतरी हातून झालं असतं."

"निकाल बदलला नसता," दादा म्हणाले.

"नसता. पण त्या पोराला मी सांगू शकले असते."

"त्याला आज 'मी हो लिहिलं' म्हणणारे कमी आहेत का?" दादांनी स्पीकर उचलला आणि माझ्या गाडीत नेऊन ठेवला.

त्यानंतर सांगलीकराला गाठायचं मी ठरवलं. फ्रँकफुर्टच्या भारतीय दुकानातून पूजेचं सामान आणायला आम्ही दरवर्षी बरोबर जातो. पूजा होणारच होती. अध्यक्षांनी मधला मार्ग काढला होता: त्याने एकट्याने बसावं, कमरेला सुपारी लावून. बायको हजर नसली की पुरुष सुपारी लावून बसतो, ही सोय सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा हजर असेल, हॉलमध्येच असेल, पण मागच्या खुर्चीत. त्याच्या जागी सुपारी. आईचं तिकीट निघालेलं होतं आणि यजमान दुसरा झाला तर तिला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तो हो म्हणाला होता.

दुकानात त्याने सुपाऱ्यांची पिशवी उचलली, वजन बघितलं, बास्केटमध्ये टाकली. मी तिथेच, कापूर आणि अगरबत्त्यांच्या मांडणीपुढे, त्याला स्वयंपाकघरातलं सगळं सांगितलं. दादांना पटत नाही हेही सांगितलं. कागद घेतला नाही हेही.

"माहितीये मला," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"की ते नव्हते. एवढं गणित येतं मला, ताई."

"मग परवा ग्रुपवर 'त्या एका घरामुळेच झालं' असा मेसेज आला तेव्हा तू खाली अंगठा का टाकलास? वहिनींनी पाहिला असेल."

तो बास्केटकडे बघत राहिला. "माझा नवरा म्हणतो, त्याला बरं वाटलं. त्याला वाटत होतं इथले सगळे आपल्याविरुद्ध आहेत. मग कुणीतरी सांगितलं की नाही, फक्त ते एक घर होतं, तर तो म्हणाला, गेनाऊ, अगदी तसंच, शाळेत पण हेच बघतो. आणि त्या रात्री तो नीट झोपला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ते एक घर असेल तर मी दिवाळीला बाकी सगळ्यांकडे जाऊ शकतो. ते नसतील तर मग कोण? तुम्हीच सांगा. मग मी जेवायला कुणाकडे जाऊ?"

"आणि वहिनी?"

"वहिनी मला माफ करतील," तो म्हणाला. "बाकीचे नाही करणार." आणि बास्केट उचलून काउंटरकडे गेला.

गणपतीच्या दिवशी हॉल भरला होता. माइक नव्हता, कुणाला तरी ब्लूटूथचा छोटा स्पीकर सापडला, तो आरतीच्या मध्येच 'बॅटरी कमी आहे' असं इंग्रजीत बोलत होता. सांगलीकर सोवळं नेसून पाटावर बसला. गुरुजींनी सुपारी त्याच्या हातात देताना वर पाहिलं नाही. नवरा कुर्ता घालून चौथ्या-पाचव्या रांगेत उभा राहून फोनवर चित्रण करत होता. काकू पुढच्या खुर्चीत, नऊवारी नेसून. संकल्प होईपर्यंत त्या दाराकडे बघत होत्या, जणू जावई अजून यायचाच आहे. मग त्यांना मागे तो दिसला. लोक रांगेने येऊन त्यांच्या पाया पडत होते, त्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या.

प्रसाद सुरू झाल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, "माझी रत्नागिरीची बाई कुठाय रे? मी तिच्यासाठी तांदळाचे पापड आणलेत."

मी शेजारी द्रोण मांडत होते. तो म्हणाला, "त्या येत नाहीत आता, आई. त्यांना आपलं चालत नाही. त्यांनीच नको म्हटलं आम्हाला बसायला. त्यांच्या धर्मात नाही."

काकूंचा चेहरा मी पाहिला. मी द्रोण खाली ठेवले. "काकू, खोटं आहे ते. त्यांनी मतच दिलं नाही."

"ताई," तो हळूच म्हणाला, "प्लीज."

"मला तिच्याकडे ने," काकू मला म्हणाल्या. त्याला नाही, मला. "आत्ता. पापडाची पिशवी त्या खुर्चीवर आहे."

मी वहिनींना फोन करून येतोय म्हणून सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, "काकू? या या, चहा टाकते." सांगलीकर दारापर्यंत आला, सोवळ्यातच, अनवाणी. गाडीत बसलेल्या आईकडे बघत उभा राहिला. त्याच्या मागे आत पंगत बसत होती आणि अध्यक्ष त्याला हाक मारत होते, "यजमान, चला, तुमच्याशिवाय सुरुवात कशी करायची?"

बाड हॉम्बुर्गच्या फाट्यापर्यंत काकू मागे वळून हॉलच्या दिशेने बघत होत्या. पिशवी मांडीवर. मग म्हणाल्या, "ती नव्हती तर कोण होतं?"

"चिठ्ठीवर नाव नसतं, काकू. मला माहीत नाही."

"तू मोजल्यास ना?"

"मोजल्या."

"पुष्कळ होत्या?"

"पुष्कळ."

"म्हणजे आज जे माझ्या पाया पडले, त्यातलेच."

"हो," मी म्हटलं.

त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. खांबांवर पोस्टरं होती, त्यांना वाचता येत नव्हती. मग म्हणाल्या, "मग मुलाला आणि जावयाला तिथे त्यांच्यात सोडून आपण कशाला निघालो? गाडी वळव."

"वहिनी वाट बघतायत, काकू. चहा टाकलाय."

"तिचं मला कळतं. पण आधी माझा मुलगा. वळव."

हायवेच्या पुढच्या आउसफार्टला मी गाडी बाहेर काढली, पेट्रोलपंपाशी थांबवली आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला वहिनींनी उचलला. मागे कपबशांचा आवाज येत होता. मी म्हटलं, आज जमत नाही, काकूंना परत हॉलवर जावं लागतंय.

"बरं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या काही विचारतील.

"पापड द्यायचे होते त्यांना," मी म्हटलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडेच ठेवा." मागे दादांनी काहीतरी विचारलं, आणि त्यांनी फोन न ठेवताच त्यांना सांगितलं, "येत नाहीयेत. गॅस बंद करा."